रिमोटवरच्या गाड्या स्वतः जोडताना आणि त्यांत बदल करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्नोत्तरे बॅटरीवर चालणाऱ्या आणि जमिनीवर धावणाऱ्या रिमोट गाड्यांपुरती आहेत. इंधनावरच्या गाड्या, विमाने आणि बोटी हे स्वतंत्र विषय असल्याने ते येथे घेतलेले नाहीत. मापे आणि आकडे मुख्यतः १/१० प्रमाणाच्या गाड्यांना लागू पडतात, कारण सुटे भाग या प्रमाणाचे सर्वांत सहज मिळतात आणि नवशिक्याने सुरुवातही येथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळण्यांच्या दुकानातली रिमोट गाडी आणि छंद म्हणून जोडलेली गाडी यांत नेमका फरक काय?

फरक मुख्यतः दुरुस्तीचा आहे. खेळण्यातल्या गाडीत रिसीव्हर, मोटारीला वीज पुरवणारे सर्किट आणि कित्येकदा स्टिअरिंगची यंत्रणासुद्धा एकाच पट्टीवर बसवलेली असते. त्यातले काहीही बिघडले तरी गाडी टाकून द्यावी लागते, कारण ती पट्टी सुटी विकत मिळत नाही. छंदाच्या गाडीत रिसीव्हर, मोटारीचा वेग सांभाळणारी ईएससी, चाके वळवणारा सर्व्हो, मोटार आणि बॅटरी हे सगळे वेगवेगळे आणि ठरावीक मापांचे असतात. त्यामुळे एका कंपनीच्या चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, दुसरीची मोटार आणि तिसरीचा सर्व्हो निमूटपणे काम करतो.

ही पद्धत जुनी आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ही १/१२ प्रमाणाची गाडी सुट्या भागांच्या स्वरूपात बाजारात आणली. याच कंपनीची १९८४ सालची ‘ग्रासहॉपर’ ही बग्गी २००५ मध्ये पुन्हा विक्रीस आली. १९८४ मध्येच अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडने अॅल्युमिनियम चॅसिसची ‘आरसी१०’ काढली आणि त्या काळातल्या कित्येक गाड्या आजही चालू स्थितीत आहेत. यामागे काही गूढ नाही : ज्या गाडीचा प्रत्येक भाग सोडवून बदलता येतो, ती गाडी भाग मिळत राहतील तोवर चालते.

तयार गाडी घ्यावी की किट?

किट घ्यावे. तयार गाडी पेटीतून काढून लगेच चालवता येते हे खरे, परंतु पहिल्याच धडकेत चाक धरून ठेवणारा पुढचा हात तुटला की तो कोणत्या स्क्रूने बसला आहे, गिअरबॉक्स उघडावा लागेल की नाही, हे काहीच ठाऊक नसते. स्वतः जोडलेल्या गाडीचा प्रत्येक स्क्रू तुमच्या हाताखालून गेलेला असतो. घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल आणि त्याचा उत्साह आजच टिकवायचा असेल, तर तयार गाडी समजण्यासारखी आहे. पण तीसुद्धा छंदाच्या दर्जाची, सुटे भाग मिळणारी असावी.

१/१० म्हणजे काय आणि कोणत्या प्रकारची गाडी निवडावी?

खऱ्या गाडीचे दहा सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीचा एक सेंटिमीटर. तामियाच्या टीटी-०२ या लोकप्रिय चॅसिसच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर २५७ मिलिमीटर आहे, म्हणजे ते सुमारे २.५७ मीटरच्या खऱ्या मोटारीशी जुळते.

प्रकार मात्र जवळ कोणती जमीन आहे ते पाहून ठरवावा. सोसायटीचे गुळगुळीत पार्किंग किंवा काँक्रीटचे आवार असेल तर रस्त्यावरची टूरिंग कार. मातीचे मैदान असेल तर बग्गी. आणि सह्याद्रीतला कातळ, ओढ्यातले गोटे किंवा कोकणातला जांभा आवाक्यात असेल तर क्रॉलर, म्हणजे खडकांवर चढणारी गाडी. क्रॉलर चालण्याच्या वेगाने जातो, पण त्याच्यात बदल करण्याजोगे जितके आहे तितके दुसऱ्या कोणत्याच प्रकारात नाही. घरातच चालवायची असेल तर १/२४ प्रमाणाचा छोटा क्रॉलर पुरतो. पुस्तकांच्या थप्प्या हेच त्याचे डोंगर.

किटच्या पेटीत काय असते आणि वेगळे काय घ्यावे लागते?

चॅसिस, गिअर, सस्पेन्शन, चाके, पारदर्शक बॉडी आणि स्टिकर बहुतेक किटमध्ये असतात. मोटार बऱ्याचदा असते, ईएससी कधी असते, कधी नसते. रिमोट व रिसीव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि बॉडीचा रंग हे जवळजवळ नेहमी वेगळे घ्यावे लागतात. किट घेण्यापूर्वी पेटीवरची यादी नीट वाचावी, कारण या वेगळ्या वस्तूंचा एकत्रित खर्च किटच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

परदेशातून किट मागवणे परवडते का?

हिशेब आधी करावा. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेण्यात आले. त्यावर इतर कर आणि कुरिअरचे शुल्क वेगळे. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक असल्यामुळे पार्सल अडकण्याची शक्यता राहते. मागवण्याच्या दिवशी लागू असलेला दर तपासूनच निर्णय घ्यावा. लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर कडक बंधने असल्याने ती देशातच घ्यावी.

तारा, कनेक्टर, हीट श्रिंक नळी, स्विच, एलईडी, डाख देण्याचे साहित्य या वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत समोर बघून घेता येतात. बाहेरून मागवायचे ते फक्त चॅसिस आणि त्याचे सुटे भाग.

हत्यारे कोणती लागतात?

थोडी, पण चांगली. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे षट्कोनी ड्रायव्हर, सुईच्या टोकाची पक्कड, धारदार कटर, बॉडी कापण्यासाठी वक्र पात्याची कात्री आणि ६० वॅटचे सोल्डरिंग यंत्र एवढ्यावर सुरुवात होते. जपानी किटमधल्या स्क्रूंची फुली नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकापेक्षा किंचित वेगळी असते. नेहमीचा ड्रायव्हर तीत पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि फुली खरवडून टाकतो. म्हणून जपानी मानकाचा, म्हणजे जेआयएस खुणेचा, ड्रायव्हर घ्यावा.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू आवळताना एक सवय लावून घ्यावी. भोकात पूर्वी स्क्रू गेलेला असेल तर नवा स्क्रू आधी उलटा फिरवावा, ‘टक्’ असे जाणवले की तो जुन्या आट्यांवर बसला असे समजावे आणि मगच सुलटा आवळावा. डोके प्लॅस्टिकला टेकले की थांबावे. आटे एकदा गेले की तो भाग गेला.

जोडणीत सर्वांत जास्त लक्ष कुठे द्यावे?

दोन ठिकाणी : मोटारीच्या पिनियनची स्पर गिअरशी होणारी बैठक आणि तेलाचे शॉक, म्हणजे धक्के शोषणारी नळकांडी.

पिनियन म्हणजे मोटारीच्या दांड्यावरचा छोटा गिअर आणि स्पर म्हणजे त्याला लागणारा मोठा गिअर. दोन्ही फार घट्ट बसले तर मोटार तापते व बॅटरी लवकर संपते. फार सैल बसले तर दाते घासून झिजतात. बहुतेक चॅसिसवर मोटार पुढे-मागे सरकवता येते. अशा वेळी वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर पट्टी दोन्ही गिअरच्या मधून फिरवून घ्यावी, मोटार गिअरकडे दाबून धरावी, स्क्रू आवळावेत आणि मग पट्टी फिरवून बाहेर काढावी. पट्टीवर दात्यांच्या सारख्या घड्या उमटल्या पाहिजेत, ती फाटता कामा नये. नंतर स्पर गिअर बोटाने हलवला असता अगदी किंचित खेळ जाणवला की बैठक बरोबर आहे. स्पर एक पूर्ण फेरा फिरवून चार ठिकाणी ही तपासणी करावी, कारण प्लॅस्टिकचे गिअर क्वचितच अचूक गोल असतात. टीटी-०२सारख्या काही चॅसिसमध्ये मोटारीची जागा पिनियनच्या दात्यांनुसार ठरवून दिलेली असते. तिथे पुस्तिकेतल्या तक्त्याप्रमाणेच स्क्रू लावावेत.

पिनियनचा बारीक स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच यावा आणि त्यावर स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब लावावा. हा द्रव फक्त धातूला धातू लागतो तिथेच वापरायचा. कित्येक प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात.

शॉकमध्ये सिलिकॉन तेल भरताना घाई करू नये. नळकांडे उभे धरून काठोकाठ तेल घालावे, दांडा अगदी सावकाश वर-खाली करावा, पिस्टनखाली अडकलेले बुडबुडे वर येतात. दहा मिनिटे तसेच ठेवून पुन्हा तेल भरावे आणि मग झाकण लावावे. जोडल्यानंतर दांडा दाबताना ‘चुळुक’ असा आवाज आला तर आत हवा राहिली आहे, पुन्हा उघडावे. चारही शॉक हातात घेऊन दाबून पाहावेत. एक जरी वेगळा लागला तर गाडी वळणावर एका बाजूला वेगळी वागते आणि दोष मात्र टायरवर येतो.

पहिला बदल कोणता करावा?

बेअरिंग. अनेक किटमध्ये दांडे फिरण्यासाठी प्लॅस्टिकच्या चकत्या दिलेल्या असतात, त्यांत धूळ शिरली की भोके मोठी होतात आणि चाके लडबडू लागतात. जोडतानाच सर्व जागी बॉल बेअरिंग घालावीत, म्हणजे नंतर गाडी पुन्हा सोडवावी लागत नाही. याहून जास्त मोल देणारा बदल दुसरा नाही. रंगीत अॅल्युमिनियमचे देखणे भाग मात्र सुरुवातीला घेऊ नयेत : प्लॅस्टिकचा हात धडकेत वाकतो आणि परत सरळ होतो, त्याच जागी अॅल्युमिनियमचा हात घातला की तो धक्का चॅसिसकडे जातो आणि महाग भाग तुटतो.

मोटारीवरचे ‘टर्न’ आणि ‘केव्ही’ हे आकडे काय सांगतात?

ब्रश, म्हणजे आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, असलेल्या मोटारीत टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे. वेढे कमी तर वेग जास्त आणि विजेची ओढही जास्त. वेढे जास्त तर वेग कमी आणि हळू चालताना नियंत्रण चांगले. २७ वेढ्यांची ५४० आकाराची मोटार ही साधारण सुरुवात असते, क्रॉलरला ५५ वेढ्यांपर्यंतची मोटार लावतात.

ब्रशलेस मोटारीवर केव्ही लिहिलेले असते, म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. उदाहरण घेऊ. ३३०० केव्हीच्या मोटारीला दोन सेलची ७.४ व्होल्टची बॅटरी लावली तर २४,४२० फेरे होतात. टीटी-०२ मध्ये ७० दात्यांचा स्पर आणि २२ दात्यांचा पिनियन असतो. ७० भागिले २२, गुणिले आतल्या गिअरचे २.६, म्हणजे एकूण प्रमाण सुमारे ८.२७. मोटार ८.२७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते, म्हणून चाकाचे सुमारे २,९५० फेरे. चाकाचा व्यास ६४ मिलिमीटर धरला तर एका फेऱ्यात गाडी २० सेंटिमीटर पुढे जाते आणि ताशी वेग ३५ किलोमीटरच्या आसपास येतो. प्रत्यक्षात भारामुळे तो कमी भरतो. कोणताही बदल करण्यापूर्वी कागदावर हा हिशेब मांडला, तर निम्मी अनावश्यक खरेदी टळते.

वेग वाढवायला मोठा पिनियन लावला तर चालेल का?

एका वेळी एकच दाता वाढवावा, पाच मिनिटे चालवून मोटारीचे तापमान पाहावे. उष्णता मोजण्याची लहान बंदूक असेल तर उत्तम. ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण उष्णतेने चुंबक कमजोर होतात आणि ते परत पूर्ववत होत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, हवाच ४२-४४ अंशांवर असताना, हिवाळ्यात चाललेला पिनियन चालत नाही; तेव्हा दोन दाते कमी करावेत किंवा पहाटे गाडी बाहेर काढावी.

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला आग लागते असे ऐकतो. ती वापरावी का?

वापरावी, पण नियम पाळून. आणि ते पाळण्याची तयारी नसेल तर सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी घ्यावी. ती जड असते, पण बरेच सोसते.

लिपोचा एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा असतो, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब होऊ लागतो. म्हणून बॅटरी फार उतरण्याआधी मोटार थांबवणारी ईएससीमधली ‘लिपो’ ही सोय चालू आहे ना, हे पहिल्या दिवशीच तपासावे. ती बंद असेल तर गाडी बॅटरीला शेवटच्या थेंबापर्यंत पिळते. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा, म्हणजे बॅलन्स चार्जरच हवा. भरण्याचा वेग बॅटरीच्या क्षमतेइतका ठेवावा : ५००० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीला ५ अँपिअर. बॅटरीवर ३० सी लिहिलेले असेल तर ती कागदोपत्री ५ गुणिले ३०, म्हणजे १५० अँपिअर देऊ शकते, पण स्वस्त बॅटरीवरच्या या आकड्यावर फार विसंबू नये.

गाडी चालवून आल्यावर बॅटरी गार होऊ द्यावी आणि मगच भरावी. चार्जिंगवर लावून घराबाहेर पडू नये, झोपू नये. फरशीवर, पडदे-कपड्यांपासून दूर, धातूच्या डब्यात किंवा खास पिशवीत ठेवून भरावी. आठवडाभर वापरायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या जवळ आणून ठेवावा. बहुतेक चार्जरमध्ये ‘स्टोअरेज’ नावाची सोय असते. उन्हात उभ्या कारमध्ये बॅटरी कधीही राहू देऊ नये. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरू नये, टोचू तर नयेच. ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

कनेक्टरला डाख देताना बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी सोलू नयेत. आधी लाल तार सोलून, डाख देऊन, त्यावर हीट श्रिंक चढवून मगच काळीला हात लावावा, म्हणजे दोन टोके एकमेकांना लागण्याचा प्रश्नच येत नाही.

सर्व्हो निवडताना काय पाहावे?

ताकद आणि दांड्यावरचे दाते. ताकद किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. टूरिंग कारला ५-६ पुरते, क्रॉलरचे चाक दगडाच्या खाचेत अडकलेले असताना वळवायला २० किंवा अधिक लागते. एवढा ताकदवान सर्व्हो जोर लावताना इतकी वीज ओढतो, की ईएससीतून रिसीव्हरला मिळणारा विजेचा दाब क्षणभर खाली येतो, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि गाडी झटके देते. बरेच जण रिमोटला दोष देतात. उपाय आहे तो सर्व्होला वेगळा बीईसी, म्हणजे बॅटरीचा दाब कमी करून देणारे छोटे सर्किट, लावून थेट बॅटरीवरून वीज देण्याचा. सर्व्होच्या दांड्यावर फुताबा पद्धतीचे २५ दाते आहेत की सान्वा पद्धतीचे २३, हे पाहूनच त्या दांड्यावर बसणारा हात (हॉर्न) विकत घ्यावा.

रिमोटसाठी परवाना लागतो का? दोन गाड्या एकमेकींना अडथळा करतात का?

२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना भारतात २००५ च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये स्फटिक जुळला की एकाच्या रिमोटने दुसऱ्याची गाडी पळत असे. आजच्या रिमोटमध्ये रिसीव्हर आपल्याच रिमोटशी बांधला जातो, त्यामुळे मैदानावर एका वेळी अनेक गाड्या चालू शकतात. ड्रोन नियम २०२१ उडणाऱ्या यंत्रांसाठी आहेत, जमिनीवरच्या गाड्यांना ते लागू होत नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर मात्र गाडी चालवू नये. दुचाकीस्वाराला ती दिसत नाही.

रिमोट आधी चालू करावा आणि सर्वांत शेवटी बंद करावा. ‘फेलसेफ’ची सोय असेल तर संपर्क तुटताच मोटार थांबेल अशी ती लावावी, आणि गाडी विटेवर चाके अधांतरी ठेवून, रिमोट बंद करून खात्री करून घ्यावी. दोन किलोची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने कोणाच्या घोट्यावर आदळली तर हाड मोडू शकते.

पारदर्शक बॉडी रंगवायची कशी?

आतून, आणि उलट्या क्रमाने. बाहेरून रंगवलेला थर पहिल्याच खरचटण्यात निघतो. आतून लावलेला रंग पॉलिकार्बोनेटच्या आड सुरक्षित राहतो आणि बाहेरून काचेसारखी चमक मिळते.

रंगवण्यापूर्वी, बॉडी अजून पारदर्शक असतानाच ती चॅसिसवर ठेवून तिला आधार देणारे खांब कुठे येतात त्या जागी खुणा कराव्यात. मग भांडी धुण्याच्या साबणाने आतून धुऊन पूर्ण वाळवावी आणि त्यानंतर आत बोट लावू नये, तेलकट ठसा जिथे असेल तिथून रंग सुटतो. खिडक्यांवर आतून मास्किंग चिकटवावे आणि कडा नखाने दाबून घ्याव्यात. गडद रंग आधी, फिका नंतर. उलट केले तर फिक्या रंगातून गडद दिसू लागतो. साधारण एका फुटावरून पातळ हात मारावेत, पहिला हात इतका पुसट असावा की रंग आला की नाही अशी शंका यावी. शेवटी पांढऱ्याचा किंवा रुपेरीचा एक हात दिला की रंग खुलतो. रंग पॉलिकार्बोनेटसाठीचाच हवा. खऱ्या कारसाठीचा साधा स्प्रे बॉडी वाकली की पापुद्र्यांनी निघतो. पावसाळी दमट हवेत रंगावर दुधाळ झाक येते, म्हणून कोकण-मुंबईकडे हे काम दिवाळीनंतर करावे. बाहेरचे संरक्षक पातळ प्लॅस्टिक सर्व संपल्यावर ओढून काढायचे असते.

एसटीची बस स्वतः बनवून ती रिमोटवर चालवता येईल का?

येईल, आणि या छंदातले आपल्या मातीतले सर्वांत मोलाचे काम हेच आहे असे मला वाटते, कारण अशी बस कोणतीही परदेशी कंपनी पेटीत घालून विकणार नाही.

प्रमाण आधी ठरवून मग चाके शोधायला निघाले की काम अडते, म्हणून चाके आधी निवडावीत. बसच्या १०.००-२० मापाच्या टायरचा व्यास सुमारे १.०५ मीटर असतो. तुम्हाला ८ सेंटिमीटर व्यासाची ट्रकची चाके मिळाली तर प्रमाण जवळपास १/१३ होते. मग ११ मीटर लांबीची बस ८५ सेंटिमीटरची, २.५ मीटर रुंदी १९ सेंटिमीटरची आणि ३.१ मीटर उंची २४ सेंटिमीटरची होईल. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर, आणि मागच्या चाकानंतर बाहेर आलेली लांबी ही दोन मापे आगारात उभ्या बसच्या बाजूने काढलेल्या छायाचित्रावरून मोजून घ्यावीत. बस ओळखू येते ती याच मापांवरून.

सांगाडा खऱ्या बससारखाच करावा : अॅल्युमिनियमच्या दोन चॅनल, त्यांना आडवे दुवे, मागे डिफरन्शिअलचा अॅक्सल आणि पट्ट्यांची स्प्रिंग. मोटार ३५ ते ५५ वेढ्यांची, बॅटरी दोन चॅनलच्या मध्ये शक्य तितकी खाली. बॉडीला तीन मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे प्लॅस्टिकचा हलका तक्ता, पुरतो, छताला मात्र दोन मिलिमीटरचा घ्यावा, कारण वर वजन वाढले की बस वळणावर कलंडते. सनबोर्डचे सांधे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडावेत, पण खिडक्यांचे पारदर्शक प्लॅस्टिक सर्वांत शेवटी बसवावे. या गोंदाच्या वाफेने काचांवर पांढरा थर बसतो आणि तो निघत नाही. पत्र्यावरचे रिव्हेट सुईच्या टोकाने फेव्हिकॉलचे सारखे थेंब ठेवून उठवता येतात; वाळल्यावर रंग मारला की हुबेहूब दिसतात.

दिव्यांसाठी रिसीव्हरचा ६ व्होल्टचा पुरवठा वापरता येतो. लाल एलईडीला २ व्होल्ट आणि १५ मिलिअँपिअर धरले तर उरलेल्या ४ व्होल्टसाठी सुमारे २७० ओहमचा रेझिस्टर लागतो, तोही प्रत्येक दिव्याला स्वतंत्र.

रंग लालच हवा असे नाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निघालेली पहिली एसटी निळ्या-रुपेरी रंगाची होती. कोणत्या काळातली बस आपण करत आहोत हे आधी ठरवावे आणि पाटीपासून आरशापर्यंत सगळे त्याच काळाचे ठेवावे.

थ्रीडी प्रिंटरवर भाग छापले तर टिकतात का?

कशावर छापले त्यावर अवलंबून आहे. पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणजे उन्हात उभ्या कारमध्ये ठेवलेला भाग वाकडा होतो आणि मोटार बसवण्याची कडी तर त्याची करूच नये. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरते, एबीएस त्याहून थोडे अधिक. बंपरसाठी रबरासारखे टीपीयू उत्तम. गिअर विकतच घ्यावेत.

क्रॉलर चढावर मागे उलटतो. काय करावे?

वजन खाली आणि पुढे न्यावे. बॅटरी पुढच्या बाजूला बसवावी, पुढच्या चाकांच्या सांध्यांजवळ पितळेचे भाग लावावेत, छतावरची सामानाची जाळी आणि जेरीकॅन काढून ठेवावेत. पितळ चाकांजवळ लावल्याने वजन सस्पेन्शनच्या खाली राहते, म्हणून तेवढेच वजन चॅसिसवर ठेवण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते. त्यानंतर टायर पाहावेत : मऊ रबर बसाल्टच्या गुळगुळीत खडकावर चिकटते, जांभ्याच्या खडबडीत पृष्ठभागावर मात्र ते लवकर झिजते. काळ्या मातीच्या चिखलात कोणतेही टायर लिंपले जातात, तिथे क्रॉलर नेऊच नये. गडावरच्या तटबंदीवर, समाधीवर किंवा कोरीव दगडांवर गाडी चढवू नये. बाजूला कातळ भरपूर आहे.

पावसात किंवा समुद्रकिनारी चालवता येते का?

ईएससी व सर्व्हो जलरोधक असतील आणि रिसीव्हर बंद डबीत असेल तर ओढ्यातून जायला हरकत नाही. घरी आल्यावर गाडी पुसावी, चाके काढावीत, बेअरिंग वाळवून प्रत्येकात पातळ तेलाचा थेंब टाकावा. हे त्याच दिवशी झाले पाहिजे, दुसऱ्या दिवशी बेअरिंग करकरते. समुद्राच्या पाण्यात गाडी नेऊ नये. मिठाने मोटारीची बेअरिंग, स्क्रू आणि तारांचे तांबे सगळेच गंजते. ओल्या वाळूवरून नुसती फिरवली असली तरी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून काढावी.

गाडी सरळ जात नाही, एका बाजूला ओढते. कुठून तपासावे?

आधी सर्व्होचा हात सोडवावा, रिमोटवरचा ट्रिम, म्हणजे सर्व्होचा मध्य किंचित सरकवणारी कळ, शून्यावर आणावा, गाडी चालू करून सर्व्हो मध्यावर येऊ द्यावा आणि मगच हात सरळ बसवून स्क्रू आवळावा. तरीही ओढत असेल तर दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगच्या दांड्यांची लांबी मोजावी, एखादे चाक इतरांपेक्षा जड फिरते का ते हाताने पाहावे आणि शेवटी गाडी सपाट फरशीवर दाबून सोडून चारही कोपरे सारख्या उंचीवर येतात का ते तपासावे. ट्रिम फिरवून दोष झाकू नये. तसे केले तर डावीकडचे आणि उजवीकडचे वळण कायम असमान राहते.